तेरावा महिना



'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण कोरडवाहू घरातच जन्मली असणार. महिन्याच्या महिन्याला पगार घेणाऱ्याला अधिक महिन्याची झळ लागत नाही, कारण त्याचा पगार इंग्रजी तारखेला होतो. झळ लागते ती कणगीतल्या ज्वारीवर वर्ष काढणाऱ्याला. बारा महिन्यांच्या हिशेबाने भरलेल्या कणगीत तेराव्याचे दाणे कुठून आणायचे? 2026 सालीही अधिक ज्येष्ठ आला आहे आणि तो 17 मे ते 15 जून असा पेरणीच्या ऐन तोंडावर आहे. जावयाच्या वाणाचा खर्च आणि बियाण्याच्या पाकिटांचा खर्च एकाच पंधरवड्यात.

पण आज आम्हाला पंचांगातल्या तेराव्या महिन्याबद्दल फारसे बोलायचे नाही. आपल्या घरात दरसाल एक तेरावा महिना येतो. तो कोणत्याही पंचांगात छापलेला नसतो. तो आपल्या वहीत सापडतो. पण वही आपण ठेवत नाही, म्हणून तो सावकाराच्या वहीत सापडतो. हा लेख त्या महिन्याबद्दल आहे.

तालुक्याच्या गावी स्टँडसमोर चहाची टपरी असते. टपरीवाला सकाळी दूध, साखर, पत्ती आणतो आणि रात्री गल्ला मोजतो. सकाळी गेलेला पैसा रात्री परत येतो. धंदा तोट्यात आहे की नफ्यात, हे त्याला आठ दिवसांत कळते. आपलाही धंदाच आहे. भांडवल आहे, कच्चा माल आहे, मजुरी आहे, बाजार आहे. फरक एवढाच की आपण सकाळचे दूध मे महिन्यात विकत घेतो आणि आपली रात्र दिवाळीला उजाडते. एप्रिल ते सप्टेंबर हे सहा महिने पैसा फक्त घराबाहेर जातो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे पाच महिने तो येतो. मार्चमध्ये सोसायटी उभी असते. एवढ्या लांब पल्ल्याचा धंदा शहरातला एखादा व्यापारी बँकेच्या आधाराशिवाय करून दाखवील का? आपण तो पिढ्यान्‌पिढ्या करतो, आणि तोही तोंडी हिशेबावर.

आम्हाला ठाऊक आहे, हिशेबाचे नाव काढले की आपल्यातल्या पुष्कळांच्या कपाळाला आठी पडते. त्याला कारण आहे. बँकेचे साहेब, योजनांचे साहेब, शिबिरात व्याख्यान द्यायला येणारे साहेब, सगळे एकच सांगून जातात : अंथरूण पाहून पाय पसरा. जणू शेतकरी बुडाला तो त्याला हिशेब येत नाही म्हणून, लग्नात जेवणावळी घातल्या म्हणून. अंथरूण कोणी आखूड केले, हे यांतला एकही साहेब सांगत नाही. तेव्हा सुरुवातीलाच स्पष्ट करतो : वही ठेवल्याने तोट्याचे पीक फायद्याचे होत नाही. भाव पडला तर तो वहीतही पडलेलाच दिसतो. पण तोट्यावर आणखी एक तोटा बसतो. चुकीच्या महिन्यात पैसा काढावा लागल्याचा आणि चुकीच्या महिन्यात माल विकावा लागल्याचा तो तोटा वहीने बराचसा अडवता येतो. आणि पहिला तोटा कोणाच्या अंगावर टाकायचा, त्याचा पुरावाही याच वहीत तयार होतो.

भाव आणि रोकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना शिकवावे लागत नाही. राज्यात 1972 साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. सरकारने भाव जाहीर करायचा, शेतकऱ्याने केंद्रावर गाडी रिकामी करायची आणि चुकाऱ्याची वाट पाहायची. कधी कधी सरकारी भाव व्यापाऱ्याच्या भावापेक्षा चांगला असायचा. तरी रात्रीच्या अंधारात गाड्या राज्याची हद्द ओलांडून व्यापाऱ्याकडे जायच्या. का? व्यापारी पैसा तिथल्या तिथे मोजायचा. मजुराची वेचाई आज द्यायची असते, पोराची फी उद्या भरायची असते. दोन महिन्यांनी मिळणारा चांगला भाव आजच्या कमी भावापुढे हरतो. ती योजना आता इतिहासजमा झाली, पण तो धडा अजून ताजा आहे : ज्याच्या हाताशी थांबण्यापुरती रोकड आहे, तोच बाजारात भाव मागू शकतो. बाकीच्यांना मिळेल तो भाव घ्यावा लागतो.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. शाळेच्या वहीचे एक पान घ्या. डाव्या बाजूला एप्रिल ते मार्च बारा महिने एकाखाली एक लिहा. पुढे तीन रकाने पाडा : जमा, खर्च, शिल्लक. उधारीचे आकडे यात नकोत. ज्या महिन्यात नोट हातात येते किंवा हातातून जाते, त्याच महिन्यात ती लिहायची. घरखर्चाचा आकडा कारभाऱ्याला विचारू नका, कारभारणीला विचारा. तेल, साखर, औषध, वीज, मोबाइल, पाहुणा या सगळ्याचे गणित तिच्या डोक्यात असते.

नमुन्यासाठी आम्ही पाच एकर कोरडवाहू घर धरले आहे : तीन एकर कपाशी, तीत तुरीच्या ओळी, आणि दोन एकर ज्वारी. साल 2026-27. आकडे नमुन्याचे आहेत; तुमचे तुम्ही घालायचे. सोसायटीचे कर्ज आणि सरकारी अनुदान मुद्दाम बाजूला ठेवले आहे, म्हणजे धंद्याचे उघडे अंग दिसेल. 1 एप्रिलला हाताशी 15,000 रुपये आहेत. घरखर्च महिना 7,000.

एप्रिल : जमा 0, खर्च 7,000. शिल्लक 8,000.
मे : जमा 0, खर्च 17,000 (घर आणि पाच एकरांची मशागत). तूट 9,000.
जून : जमा 0, खर्च 29,000. तूट 38,000.
जुलै : जमा 0, खर्च 21,000 (घर, निंदण, डवरणी, युरिया). तूट 59,000.
ऑगस्ट : जमा 0, खर्च 26,000 (घर, दुसरे खत, निंदण, फवारणी, सणवार). तूट 85,000.
सप्टेंबर : जमा 0, खर्च 15,000 (घर आणि फवारणी). तूट 1,00,000.
ऑक्टोबर : जमा 21,000 (पहिला वेचा 3 क्विंटल, ओलसर, 7,000 ने), खर्च 10,000. तूट 89,000.
नोव्हेंबर : जमा 52,500 (7 क्विंटल, 7,500 ने), खर्च 22,000 (घर, वेचाई, दिवाळी). तूट 58,500.
डिसेंबर : जमा 52,500 (कापूस 5 क्विंटल आणि ज्वारी 5 क्विंटल), खर्च 18,000. तूट 24,000.
जानेवारी : जमा 22,500 (कापूस 3 क्विंटल), खर्च 10,000. तूट 11,500.
फेब्रुवारी : जमा 21,000 (तूर 3 क्विंटल), खर्च 9,000. शिल्लक 500.
मार्च : जमा 0, खर्च 7,000. तूट 6,500.

जूनचा खर्च फोडून सांगतो, कारण तिथेच पहिला धक्का बसतो. कपाशीची सहा पाकिटे 5,400 (2025 च्या हंगामात बीटी पाकिटाचा कमाल दर 901 रुपये होता). ज्वारी-तुरीचे बियाणे 1,500. डीएपीच्या चार पिशव्या, 1,350 ने 5,400. पेरणीची मजुरी आणि बैलजोडी 4,700. हे झाले शेतीचे 17,000. शाळा आणि अधिकाचे वाण मिळून 5,000. घर 7,000. वेचाई आम्ही किलोला 10 रुपयांनी धरली आहे. काही गावांत ती यापेक्षा जास्तच पडते.

आता हे पान वाचू.

पहिली गोष्ट : वर्षभरात जमा 1,69,500 आणि खर्च 1,91,000. तूट 21,500. हे झाले वर्षाचे गणित. पण आपल्याला फास लागतो तो वर्षाच्या गणिताने नाही. सप्टेंबरअखेरच्या आकड्याकडे पाहा. एक लाख रुपये! 21,500 च्या तुटीसाठी या घराला 1,00,000 च्या खड्ड्यात उतरावे लागते. पऱ्हाटी बोंडावर आलेली असते, शेत हिरवेगार दिसते, रस्त्याने जाणारा म्हणतो, 'यंदा शेतकरी मजेत आहे.' आणि त्याच आठवड्यात घरात फवाऱ्याच्या औषधाला पैसे नसतात.

दुसरी गोष्ट : समजा सोसायटीने मे महिन्यात 70,000 पीककर्ज दिले. जुलैअखेर ते पुरते. ऑगस्टमध्ये 15,000 कमी पडतात, सप्टेंबरमध्ये 30,000. मग पावले खाजगी सावकाराकडे किंवा कृषी केंद्राच्या उधारीकडे वळतात. 30,000 रुपये, शेकडा 3 ने तीन महिने, म्हणजे व्याज 2,700. हे झाले उघड व्याज. छुपे व्याज वेगळे. उधारीत औषध घेतले की कोणते औषध घ्यायचे ते दुकानदार ठरवतो, आणि पुष्कळदा कापूस कोणाला घालायचा तेही तोच ठरवतो. तगादा लागला म्हणून नोव्हेंबरचा 7 क्विंटल कापूस भावाची वाट न पाहता क्विंटलमागे 500 कमी घेऊन घातला, तर 3,500 गेले. दोन्ही मिळून 6,200.

भावांनो, या घराचा महिन्याचा घरखर्च किती? 7,000. म्हणजे नवरा-बायकोने वर्षाचे बारा महिने राबायचे आणि जवळजवळ एका महिन्याचे पोट सावकार-दुकानदाराच्या पदरात घालायचे. आम्ही ज्याला तेरावा महिना म्हणतो तो हाच. तो दर वर्षी येतो. त्याला दुष्काळ लागत नाही.

तिसरी गोष्ट : मार्च. सगळे येणे येऊन, सावकार मिटवून मार्चअखेर या घरात 60,800 उरतात आणि सोसायटीला 70,000 द्यायचे असतात. कमी पडतात 9,200. मग काय होते ते गावोगावच्या पारावर सगळ्यांना ठाऊक आहे. चार दिवसांसाठी कोणाकडून तरी रक्कम उचलायची, सोसायटीत भरायची, नवे-जुने करायचे आणि नव्या कर्जातून ती फेडायची. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर केंद्राची आणि राज्याची सवलत मिळून व्याज शून्यावर येते, असा राज्यात 2021-22 पासूनचा नियम आहे. तो शून्य टक्का टिकवण्यासाठी चार दिवसांच्या उसन्या पैशाला जे द्यावे लागते, त्याची नोंद कुठल्याच सरकारी कागदावर नसते.

पी. एम. किसानचे वर्षाला 6,000 आणि 2023 पासून राज्याच्या नमो योजनेचे 6,000 धरले तर 12,000 येतात. ते घातले की मार्चची तूट भरून 2,800 उरतात. ठीक. पण वर्ष सुरू करताना हाताशी 15,000 होते, पुढचे वर्ष 2,800 वर सुरू होणार. घर उभे दिसते, पाया मात्र दर वर्षी वीतभर खचतो.

मग करायचे काय?

एक. खड्डा मे महिन्यातच मोजा आणि खड्ड्याएवढे कर्ज स्वस्त ठिकाणी मागा. बँकेत जाऊन 'किती देता?' विचारू नका. 'सप्टेंबरपर्यंत मला एक लाख लागतात, हा कागद' असे सांगा. किसान क्रेडिट कार्डाची योजना 1998 सालची. ती 2012 साली सुधारली गेली, तेव्हा पिकाच्या कर्जमर्यादेवर घरखर्च आणि काढणीनंतरच्या गरजांसाठी 10 टक्के आणि शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी 20 टक्के जास्त धरण्याची तरतूद केली गेली. पिकाची मर्यादा 70,000 असेल तर 7,000 आणि 14,000 मिळून ती 91,000 होते. खड्ड्यातले उरतात फक्त 9,000. ही वाढीव मर्यादा आपल्यापैकी किती जणांना मिळाली? किती जणांनी मागितली? आणि कार्ड असेल तर सगळी रक्कम मेमध्ये एकदम उचलू नका. लागेल तशी उचला. घरात आलेल्या पैशाला पाय फुटतात, आणि न उचललेल्या रकमेवर व्याज चढत नाही.

दोन. उरलेल्या 9,000 साठी घरचीच सोय पाहा. बायकांच्या बचत गटाचे कर्ज सावकारापेक्षा स्वस्त पडते आणि त्याचे व्याज गावातच राहते. ज्या घरात चार शेळ्या आहेत, त्यांनी दोन बोकड ऑगस्ट-सप्टेंबरसाठी राखले तर ते खड्ड्याच्या महिन्यातले रोख पीक आहे. हेच बोकड डिसेंबरात विकले तर पैसा तोच, पण उपयोग निम्मा.

तीन. ज्वारीचा हिशेब नीट करा. रोकडीच्या पानावर ज्वारी गरीब दिसते : पाच क्विंटल विकून 15,000. म्हणून पुष्कळांनी ज्वारी मोडून सोयाबीन केले. पण या घराने 12 क्विंटलपैकी सात क्विंटल घरात ठेवली आहे. ती नसती तर तेवढे धान्य दुकानातून रोखीने आणावे लागले असते, आणि तेही बहुतेक जून ते सप्टेंबर, म्हणजे खड्ड्याच्याच महिन्यांत. कडबा नसता तर मे महिन्यात वैरण विकत घ्यावी लागली असती. जमेच्या रकान्यात न दिसणारे हे पैसे खर्चाच्या रकान्यात वाचलेले असतात. पीक बदलायचे तर जरूर बदला, पण दोन्ही रकाने पाहून बदला.

चार. थांबता येईल असा माल कोणता ते ठरवा. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना 1990-91 पासून आहे. ज्वारी, तूर, सोयाबीन, हरभरा यांसारखा माल बाजार समितीच्या गोदामात ठेवला की किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी 6 टक्क्यांनी मिळते. फेब्रुवारीत तूर मातीमोल जात असेल तर मार्चची सोसायटी भरण्यासाठी ती विकायलाच हवी असे नाही. तुमच्या बाजार समितीत ही योजना चालू नसेल तर का नाही, हा बैठकीत विचारायचा प्रश्न आहे.

पाच. जमेचा आकडा लिहिताना हात आखडता ठेवा. 'बाजारात तुरी' ही म्हण आपल्याला तोंडपाठ असते, पण कापसाच्या बाबतीत आपण ती विसरतो. 2021-22 च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. ज्यांना थांबता आले त्यांनी पैसा पाहिला. पुढच्या वर्षी त्याच भावाच्या आशेने घरोघर कापूस साठला. माणसांच्या अंगाला खाज सुटली, वजन घटले, आणि 2023 च्या मध्याला भाव सात हजारांच्या आसपास आला. थांबणे नेहमीच फायद्याचे असते असे नाही. म्हणून गेल्या वर्षीचा सर्वांत चांगला भाव वहीत लिहायचा नाही. त्याखालचा लिहायचा. विम्याची भरपाई, अनुदान, बोनस यांची तारीख आपल्या हातात नाही, म्हणून खात्यावर पडल्याशिवाय ती जमा धरायची नाही. आणि मोसमाने दगा दिला तर दुबार पेरणीचे पाच-सहा हजार कुठून येतील, तेही पानाच्या खाली एका ओळीत लिहून ठेवायचे.

सणाची तारीखही वहीत लिहा. पीक सूर्याच्या नक्षत्रांवर चालते, सण चंद्राच्या तिथीवर. 2025 साली लक्ष्मीपूजन 21 ऑक्टोबरला होते. पहिला वेचा अजून ओला, आणि दिवाळी दारात. त्या घाईत ओला कापूस गाडीत भरला गेला. हमीभावाच्या खरेदीत 8 टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, त्यापुढे 12 टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यावर असेल तर गाडी परत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. 2026 साली अधिक महिन्यामुळे लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. अधिक महिना जूनमध्ये खर्च वाढवतो, पण दिवाळीपर्यंत अडीच आठवडे हातात देतो. पहिला वेचा वाळवून घालायला तेवढे पुरे आहेत. पंचांगातला तेरावा महिना एवढे तरी परत करतो. सावकाराचा करत नाही.

आता वहीने जे होत नाही त्याबद्दल.

खड्डा मोजून, स्वस्त कर्ज घेऊन, माल वाळवून या घराने 6,200 वाचवले, तरी 21,500 ची तूट जागच्या जागी आहे. ती भावाची तूट आहे. 18 क्विंटल कापसाचे या घराला 1,33,500 मिळाले, म्हणजे सरासरी क्विंटलला 7,400 च्या थोडे वर. 2025-26 चा लांब धाग्याचा हमीभाव 8,110 होता. सगळा कापूस त्या भावाने गेला असता तर 12,480 जास्त मिळाले असते. वर्ष नुसते तोंडमिळवणीला यायला या घराला क्विंटलमागे सुमारे 8,600 हवेत. आणि त्यातही दोन माणसांच्या वर्षभराच्या कष्टाची किंमत आपण महिना 7,000 च धरली आहे. जमिनीचा खंड धरला नाही. बैलांची झीज धरली नाही. हा हिशेब दिल्लीतल्या कोणत्याही आयोगाच्या टेबलावर ठेवा आणि विचारा : यातला कोणता खर्च उधळपट्टीचा आहे?

सरकारचा निर्णय कोणत्या महिन्यात येतो, हेही या पानावर ताडून पाहा. 19 ऑगस्ट 2025 रोजी केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबर 2025 पर्यंत. आपल्या पानावर ऑगस्ट ते डिसेंबर काय आहे? ऑगस्ट-सप्टेंबरला खड्डा सर्वांत खोल, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर 18 पैकी 15 क्विंटल कापूस बाजारात. गिरणीमालकांना त्यांची रोकड सांभाळायची होती, त्यांनी तारखा पाहून मागणी केली. आपल्या तारखा दिल्लीला कोण सांगणार? आपण आपल्याच घरात त्या लिहिलेल्या नसतील तर कोणी सांगू शकणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे : भावाची मागणी आणि तारखेची मागणी एकत्र झाली पाहिजे. पीककर्ज 31 मेच्या आत हातात पडले पाहिजे. जुलैत मिळणारे कर्ज पेरणीला उपयोगी नसते, ते फक्त सावकाराचे देणे फेडते. हमीभावाची खरेदी केंद्रे पहिल्या वेच्याबरोबर उघडली पाहिजेत, आणि चुकारा वेचाईची मजुरी देण्याच्या आत खात्यावर आला पाहिजे. गेल्या खरिपाची विमा भरपाई पुढच्या खरिपाच्या पेरणीआधी मिळाली पाहिजे. आणि वेचणी चालू असताना आयात-निर्यातीचे नियम बदलण्याचा खेळ बंद झाला पाहिजे. यात अनुदान मागितलेले नाही, माफी मागितलेली नाही. पैशाने आपल्या पिकाच्या वेळापत्रकाने चालावे, एवढेच मागितले आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपले पान घेऊन यावे. ज्याला लिहिता येत नाही त्याने घरातल्या नववी-दहावीच्या पोरीला शेजारी बसवून लिहून घ्यावे. तिलाही कळू दे तिच्या फीचा महिना कोणता आणि तो का जड जातो. पानावर नाव नको, गाव नको. फक्त बारा महिने आणि तीन रकाने. ज्या महिन्यात आकडा सर्वांत खाली जातो, त्याभोवती गोल करा. बैठकीत ही पाने एकमेकांशेजारी ठेवली की दिसेल, बहुतेकांचा गोल एकाच जागी पडला आहे. एका घरात दिसते तेव्हा ती त्या कारभाऱ्याची चूक वाटते. शंभर घरांत एकाच ठिकाणी दिसते तेव्हा ते धोरण असते.

सावकाराने आपले पान केव्हाच लिहून ठेवले आहे. त्याला ठाऊक आहे आपण कोणत्या आठवड्यात त्याच्या ओट्यावर येणार. यंदा त्याच्या आधी आपण लिहू या.